अडतिसावी पायरी

चोपड्यापासून अर्ध्या तासावर, तापीकाठी, माझ्या थोरल्या बहिणीचे गाव आहे. तिथे आता डिझेल इंजिन ही वस्तू पाहायला मिळत नाही. विहिरी गेल्या, कूपनलिका आल्या, त्यांत सबमर्सिबल मोटारी उतरल्या. माझे दाजी उखर्डू चाळीस वर्षे त्या इंजिनांचे डॉक्टर होते. गेल्या चार वर्षांत त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन रुग्ण आले, आणि त्यांतला एक चुकीच्या पत्त्यावर आला होता.

त्यामुळे मंदाअक्काने, म्हणजे बहिणीने, शेड मागितली तेव्हा तिची बाजू तर्काला धरून होती. तिच्या बचत गटाला केळीच्या वेफर्सची भट्टी लावायची होती. केळी गावात होती, कढई होती, बायका होत्या, छप्पर नव्हते. दाजींकडे छप्पर होते आणि त्याखाली कोणालाही नको असलेले लोखंड होते. दाजींनी यावर प्रतिवाद केला नाही. त्यांनी फक्त ट्रॉलीत घालून एक वॉटर स्कूटर घरी आणली.

बंधाऱ्याच्या फुगवट्यात एका ठेकेदाराने एक हंगाम पर्यटकांना पाण्यावर फिरवले होते. स्कूटरचे इंजिन जाम झाल्यावर त्याने तिला भंगार ठरवले आणि जाताना दाजींना देऊन टाकली. दाजींनी अक्कापुढे पैज मांडली: आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ही पाण्यावर चालली तर शेड दाजींचीच, नाही चालली तर पाने, हातोडे, ऐरणीसकट सगळे भंगारवाल्याचे आणि शेड वेफर्सची. अक्काने पैज घेतली. साक्षीदार दोन होते: अक्काची सून कामिनी आणि मी.

मी धुळ्याच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. या प्रकरणात माझे काम भाषांतराचे होते. जपानी कंपनीच्या यंत्राची पुस्तिका इंग्रजीत होती. ती कामिनीने मोबाइलवर उतरवून घेतली होती. मी तिच्यातून एकेचाळीस पायऱ्या मराठीत काढल्या, सुवाच्य अक्षरात मोठ्या कागदावर लिहिल्या आणि कागद शेडच्या भिंतीवर लावला. दाजींनी तो दुरून पाहिला, आणि लग्नपत्रिका छान झाली म्हणाले.

इंजिन उघडल्यावर कारण सापडले. थंड पाण्याच्या वाटा तापीच्या गाळाने बुजल्या होत्या, आणि दोन पिस्टनांपैकी एक तापून सिलिंडरला चिकटला होता. हे निदान मी उघडण्याआधीच वर्तवले होते. त्याची नोंद कोणी घेतली नाही, म्हणून इथे घेतो.

दोन्ही सिलिंडरना जळगावहून नवे बोअर मारून आणले. पिस्टन, रिंगा, सील आणि गास्किटे कामिनीने मागवली. जुळणी सुरू झाली तशी माझ्या आणि दाजींच्या पद्धतीतली तफावत उघड झाली. हेडचा प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळायचा याचा आकडा पुस्तिकेत असतो, आणि तो जोर मोजणारा पाना मी धुळ्याहून उसना आणला होता. दाजींनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. बोल्ट त्यांनी आपल्या जुन्या पान्याने, डोळे मिटून आवळले. मी नंतर एकेक मोजला. दहापैकी नऊ आकड्याच्या इतके जवळ होते की मी पानाच तपासून पाहिला. दहावा बराच सैल होता. मी तो विजयाने दाखवला.

"त्याना आटा ढिला शे, सर," दाजी म्हणाले. "त्याले तितलंच झेपस."

बोल्ट काढून पाहिला. आटे खरोखर झिजले होते. नवा बोल्ट घातला, आणि त्यानंतर मी मोजणे थांबवले नाही, पण मोठ्याने आकडे वाचणे थांबवले.

इंजिन परत सांगाड्यात उतरवण्यासाठी उंच आधार हवा होता. अंगणातल्या कडुनिंबाच्या जाड फांदीला चेनकप्पी बांधली. अक्काने हरकत घेतली, कारण आखाजीला लेकी माहेरी येतात आणि झोका त्याच फांदीला बांधतात. अक्काची लेक रूपाली पुण्याहून निघायच्या बेतात होती आणि तिच्या झोक्याच्या जागी इंजिन लोंबकळताना तिला दिसू नये, असे अक्काचे म्हणणे होते. दाजींनी रूपालीच्या आधी इंजिनाला चार झोके दिले आणि खाली बसवले. इंजिनाचा आणि पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याचा दांडा एका रेषेत येईना, तेव्हा त्यांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या चकत्या कापून पायाखाली सरकवल्या. त्यात दोन दिवस गेले. मी फूटपट्टी धरून होतो. तिची गरज पडली नाही.

आखाजीच्या दोन दिवस आधी, सकाळी, पहिली चाचणी ठरली. पुस्तिकेप्रमाणे स्कूटर जमिनीवर ठेवूनही थोडा वेळ चालवता येते. बागेच्या नळीने तिला थंड पाणी द्यावे लागते. ही अडतिसावी पायरी. अक्का प्रतिपक्ष असूनही तिने हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. पैज पैजेच्या जागी, म्हणाली, घरात आलेली वस्तू घरातली. मी ती सोडून बाजूला ठेवली. प्रयोगात बाहेरचा घटक नको, हे मी तिला समजावले. तिने लिंबू उचलले आणि आत गेली.

ठिबकच्या टाकीची नळी जोडली. पाणी सोडले. मिनिटभर वाट पाहून दाजींनी बटण दाबले. इंजिन अर्धा फेरा फिरले, आत 'धप्प' असा आवाज झाला, आणि ते थांबले. पुन्हा दाबले. काही हलले नाही. इंजिन जसे ठेकेदाराने दिले होते तसे, जाम.

दाजींनी बटणावरचा अंगठा काढला. शेडमध्ये जाऊन त्यांनी एक खोके घेतले आणि भिंतीवरचे पाने एकेक उतरवून, रॉकेलच्या फडक्याने पुसून, त्यात ठेवू लागले. लहानापासून मोठ्यापर्यंत, क्रमाने. भंगारवाल्याला क्रमाशी देणेघेणे नसते. अक्का दारात उभी होती. जिंकलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. लिंबू काढायला नको होते, एवढेच ती म्हणाली, आणि तेही माझ्याकडे पाहून. मी तिला सांगितले की लिंबाचा आणि पिस्टनचा संबंध जोडणारी कोणतीही यंत्रणा ज्ञात नाही.

कामिनी औषधाचे दुकान चालवते. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचण्याची तिला सवय आहे. ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच बोलली.

"मामा, अडतिसावी मुळातून वाचू?"

तिने वाचले. आधी इंजिन चालू करा, मगच पाणी सोडा. थांबवताना आधी पाणी बंद करा, मगच इंजिन. हे वाक्य मी महिन्यापूर्वी वाचले होते. ते उघडच उलटे छापले आहे, जपानीतून इंग्रजीत येताना क्रम फिरला असावा, असा निष्कर्ष काढून मी ते सरळ केले होते. थंड करण्याआधी तापवायचे कशाला? शिवाय मी दाजींना विचारले होते. ज्यांनी आयुष्यभर पंपात पाणी भरल्याशिवाय इंजिनाला हात लावला नाही, ते म्हणाले होते, पंपले पहिले पानी, मंग फेरा. यामा काय इचारनं? संपूर्ण कामात आम्हा दोघांचे एकमत झाले ते याच एका मुद्द्यावर. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कारण सोपे होते; बारावीच्या मुलाला विचारले असते तर मी त्याच्याकडून काढून घेतले असते. थंड करून झालेले पाणी धुराच्या नळीत शिरते, आणि धुराचा दाब ते बाहेर ढकलतो. इंजिन बंद असेल तर धूर नाही. धूर नाही तर पाण्याला एकच वाट उरते: मागे, सिलिंडरमध्ये. आणि पाणी दाबले जात नाही.

कामिनीला हे सांगायचे नव्हते. तिने मोबाइल पदराआड धरला आणि म्हणाली, कागद मीच बदलते, कोणाला कळणार नाही. ही सोय मोहक होती. पण शेडमधून पाने खोक्यात पडल्याचा आवाज येत होता, आणि आता मोठे पाने सुरू झाले होते.

मी आत गेलो आणि दाजींना सांगितले. पूर्ण सांगितले, 'उलटे छापले आहे' हा निष्कर्षही वगळला नाही.

दाजींनी हातातला पाना फडक्यासकट खाली ठेवला. मग भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले.

"म्हंजे सर, तुम्ही कंपनीनी चूक सुधारी."

"हो."

"आर्धी चूक मन्ही बी शे," ते म्हणाले, आणि पुढे, अगदी सौम्यपणे, "पन कागद तुमना शे."

मग ते उठले. दोन्ही प्लग काढले, बटण दाबले, आणि सिलिंडरांतले पाणी दोन कारंज्यांनी निंबापर्यंत उडाले. मी निंबाच्या बाजूला उभा होतो. दाजींनी सरका म्हटले नाही. आतून पुसून, तेल सोडून, वाळवून, दुपार टळल्यावर प्लग परत बसवले. नुकसान नव्हते, इंजिन पेट घेण्याआधीच अडले होते. या वेळी नळी माझ्या हाती दिली गेली आणि तोटी कामिनीच्या, मधे माझे मत येऊ नये म्हणून. दाजींनी बटण दाबले. इंजिन खोकले, पुन्हा खोकले, आणि असे गरजले की गोठ्यातली म्हैस दावे तोडून शेजाऱ्याकडे गेली. कामिनीने तोटी सोडली. मागच्या नळीतून धुरासोबत पाणी बाहेर पडू लागले, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे.

आखाजीच्या दिवशी पुरणपोळीच्या आधी आम्ही बंधाऱ्यावर गेलो. दाजींनी दोन फेऱ्या मारल्या, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून आणि वर लाल लाइफ जॅकेट घालून. तिसऱ्या फेरीला रूपालीने आईला दाजींच्या मागे बसवले. अक्काने दाजींच्या जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता आणि डोळे मिटले होते. काठावर उतरल्यावर तिने आधी पदर पिळला.

"शेड तुमची," ती दाजींना म्हणाली. "भट्टी ओट्यावर लावू. पण केळी कापायचं यंत्र तुम्हीच करून द्यायचं. आणि त्याचा कागद या मास्तरला लिहू द्यायचा नाही."

दाजींनी मान्य केले. दुसऱ्या अटीवर त्यांनी जरा जास्तच उत्साह दाखवला.

परत निघताना मी स्कूटर ट्रॉलीवर चढवायला हात लावला, आणि हँडलच्या खाली, सहज दिसणार नाही अशा जागी, लिंबू-मिरची सापडली. सुरकुतलेली होती, म्हणजे आजची नव्हती. अक्काला विचारले. दुसऱ्या चाचणीच्या आधी बांधली, ती म्हणाली. तू निंबाखाली अंग पुसत होतास तेव्हा.

म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीत एक नव्हे, दोन गोष्टी बदलल्या होत्या. प्रयोगाच्या नियमाने यश पायऱ्यांच्या क्रमाचे की लिंबाचे, हे मला आता सिद्ध करता येत नाही. लिंबू ठेवून आणि पाणी आधी सोडून एक चाचणी घेतली तर निकाल लागेल. मी तसे दाजींना सुचवले. तेव्हापासून ते शेडच्या दाराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून झोपतात, असे कामिनीने परवा फोनवर सांगितले.