भाडे बसून बोलू

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. बीडच्या एका गल्लीत, केसरबाईंच्या घरी, पाण्याच्या हौदाच्या तोंडावर झाकण म्हणून पडून असते. हसू नका, मित्रांनो! झाकण झाले म्हणून काय झाले, मला अक्षरे आहेत. तुमच्या घरातल्या किती झाकणांना अक्षरे आहेत, सांगा बरे?

माझा जन्म गोडेतेलाच्या डब्यातून झाला. केसरबाईंचे मालक राधाकिशन कापसाच्या जिनिंगवर कामाला होते. त्यांनी एक रिकामा डबा उभा कापला, हातोडीने ठोकून ठोकून सपाट केला आणि माझ्या दोन कोपऱ्यांना भोके पाडली. एका कडेला अजूनही भुईमुगाच्या शेंगेचे अर्धे चित्र दिसते. मग त्यांनी निळा रंग आणला. केसरबाई रंगाची डबी धरून उभ्या राहिल्या आणि राधाकिशननी लिहिले : 'खोली भाड्याने देणे आहे. लेकुरवाळ्यांना आधी. भाडे बसून बोलू.'

अक्षर म्हणाल तर बेताचेच. शेवटी जागा संपली आणि 'बोलू' हा शब्द कोपऱ्यात अंग चोरून बसला. त्यावर केसरबाई इतक्या हसल्या की डबीतला रंग त्यांच्या लुगड्यावर सांडला.

'लेकुरवाळ्यांना आधी' असे का लिहिले, तेही सांगते. हे घर बांधण्याआधी ही दोघे पोराला काखेत मारून खोलीसाठी वणवण फिरली होती. पोर किरकिरे होते. त्याच्या रडण्यापायी दोन घरमालकांनी त्यांना महिन्याच्या आत बाहेर काढले. म्हणून स्वतःच्या घराला एक जादा खोली निघाली, तेव्हा राधाकिशननी आधी ही ओळ लिहिली, मग खोलीला चुना लावला.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. फाटकावर टांगले की आठ दिवसांत कुणीतरी यायचेच. एक मास्तर आले, एक कंपाउंडर आले, जुळ्या मुलींची एक परिटीण आली. ओट्यावर बसायचे, चहा व्हायचा, भाडे ठरायचे आणि मी खाली उतरायचे. मग वर्षानुवर्षे माझ्याकडे कुणी ढुंकून बघायचे नाही. पाटीचे नशीबच उफराटे! तिला विसरले, की समजायचे घर भरलेले आहे.

सात वर्षांपूर्वी बंकट आला, बायको वनमाला आणि आठ वर्षांची सुकन्या यांना घेऊन. पाली गावाकडच्या डोंगरात मेंढरे राखणाऱ्या घरातला हा माणूस. मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करता करता त्याचा हात ब्रशावर बसला आणि तो मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रकवर नावे रंगवू लागला. वनमाला घरी शिवणकाम करते. तीन हजार भाडे, तेही ओट्यावर बसूनच ठरले. राधाकिशन त्यानंतर वर्षभरात गेले. तेव्हा केसरबाईंना महिनाभर चूल पेटवू दिली नाही ती वनमालाने.

आणि मग यंदा गल्लीच्या तोंडाशी शिकवणीचे मोठे क्लास निघाले. घरोघर खोल्यांत लोखंडी कॉट पडले. केसरबाईंचा मुलगा सुरज पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, चार कॉट टाक. एका पोराचे दीड हजार. स्लॅब गळतोय, तुझ्या गोळ्या आहेत. मी कुठून पुरा पडू?"

त्याचेही खोटे नव्हते. पण बंकटला तोंडावर सांगायचा केसरबाईंना काही धीर होईना. दोन दिवस त्या नुसत्या अंगणात येरझारा घालत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हौदावरून उचलले, पदराने पुसले आणि एका चिठ्ठीसकट बंकटच्या हातात दिले.

"एवढी पाटी नवी लिहून आण बाबा. सुरजनं मजकूर दिलाय."

बंकटने चिठ्ठी वाचली. 'कॉट बेसिस. फक्त विद्यार्थी. भाडे फिक्स.' त्याचा चेहरा पार उतरला. सुकन्याची दहावी होती आणि तिची शाळा दोन गल्ल्यांवर. पण तो एवढेच म्हणाला, "बरं, मावशी."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर जाण्याआधी तो मला काखेत मारून खोली शोधायला निघाला. काय सांगू मित्रांनो, काय ती फजिती! पहिल्या घरी पेपर वाचणारे गृहस्थ माझ्याकडे बघून ओरडले, "ए, इथं पाटी लावायची न्हाई!" दुसऱ्या घरी साडेपाच हजार भाडे आणि तीन महिन्यांचे आगाऊ. वर बाईंनी विचारले, "मानसं किती? नळाला दहा दिवसाला पानी येतं, तुमाला काय आंघोळीला पुरवू?" तिसऱ्या घरच्या छबुबाई तर मला नीट वाचूनच म्हणाल्या, "अहो, खोली द्यायची पाटी तुमच्याच काखेत, अन तुमी कावून खोली हुडकता?"

बंकट हसला. मग म्हणाला, "खोली हाय बाई, पन आता माझी न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शहराबाहेर पालीत एक खोली दोन हजारांत मिळत होती म्हणे. पण तिथून सुकन्याला सकाळी सातची शाळा कशी गाठता येणार?

मांजरसुंब्याला पोचल्यावर बंकटने पॉलिश पेपर काढला. माझ्या अंगावर काटाच आला. आता राधाकिशनचे अक्षर जाणार! बंकटने त्या ओळींवरून बोट फिरवले, 'बोलू'पाशी थोडा थांबला आणि मला सरळ पालथे घातले. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर त्याने पिवळ्या रंगाचा हात दिला, लाल अक्षरे काढली, त्यांना काळी सावली दिली. नव्या ट्रकलासुद्धा कुणी इतके नटवत नसेल.

धर्मराज नावाचा ड्रायव्हर शेजारी उभा होता. त्याला सगळे ठाऊक होते. तो म्हणाला, "बे बंकट, तुलाच घराबाहेर काढायची पाटी, अन तूच हिला नवरीवानी सजवायला? मारायचा की कसाबी ब्रश!"

"मावशीचं काम हाय," बंकट म्हणाला. "सात वर्षं सावलीत ठेवलं तिनं. वाकडं अक्षर कसं काढू?"

ऊन उतरताना आम्ही परत आलो. केसरबाई ओट्यावरच बसून होत्या. त्यांनी लाल अक्षरे बघितली.

"किती झाले रे?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं?"

त्यांनी मला उलटे केले. "हे जुनं पुसलं न्हाईस?"

"मालकाच्या हातचं हाय. घासायला हात धजला न्हाई, मावशी."

केसरबाईंचे बोट कोपऱ्यातल्या त्या अंग चोरलेल्या शब्दावर गेले.

"खोली हुडकायला गेलतास?"

"गेलतो. तुमची पाटी बघून लोक मलाच घरमालक समजले!"

केसरबाई फस्सकन हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "बस हितं. वनमालाला बोलाव. मी चहा टाकते. भाडं बसून बोलू."

बसले की हो! भाडे पाचशेने वाढले. वनमाला दोन ब्लाउज जास्त शिवीन म्हणाली. पावसाळ्याआधी स्लॅबवर डांबर बंकटने टाकायचे, सामान केसरबाईंचे. सुकन्या शाळेतून आली तेव्हा सगळे उरकले होते. तिला कुणी काही सांगितले नाही, नुसता चहा दिला.

मग सुरजला फोन लागला. तो बराच वेळ बोलला. केसरबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाळा, रडणाऱ्या लेकरापायी आपल्याला दोनदा घराबाहेर काढलं होतं. ते लेकरू तू होतास. तुला आठवत न्हाई. मला आठवतं."

सुरज म्हणाला, "डांबराचे पैसे मी पाठवतो, आई."

मित्रांनो, मी आता परत हौदावर आहे. ती नटवलेली बाजू खाली पाण्याकडे आणि राधाकिशनचे अक्षर वर उन्हाकडे. माझ्या कडा गंजल्या आहेत, मांजर माझ्यावर झोपते, पण माझी काही तक्रार नाही. मला अशी माणसे मिळाली, ते माझे भाग्यच. तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल, तुमच्याही फाटकावर पाटी लागेल. तेव्हा भाड्याचा आकडा खुशाल लिहा, पण त्याच्या शेजारी एका शब्दाची जागा सोडा. कोपऱ्यात का होईना, तो मावतो.

रोज सकाळी सुकन्या मला उचलते, कळशी भरून घेते, मला हळूच जागेवर ठेवते आणि शाळेला पळते. मला सध्या दुसरे काहीच काम नाही. देवा, असेच राहू दे.