सुपारी तरंगली, बाळू निवडला

घंगाळातल्या पाण्यावर सुपारी तरंगली आणि मैदानावरच्या शे-दोनशे माणसांनी एकदम हात जोडले. मागच्यांना सुपारी दिसत नव्हती, पण पुढच्यांनी जोडले म्हणून त्यांनीही जोडले. एका फेटेवाल्याने तर घाईघाईत घंगाळाऐवजी शेजारच्या पिण्याच्या पाण्याच्या रांजणालाच नमस्कार केला.

"पाहा," दमगिरीबुवा डोळे अर्धे मिटून म्हणाले, "बाळूचं नाव घेतलं आणि वायुतत्त्वाने सुपारी उचलून धरली. हा पोरगा आता पळणार नाही. हा वाहणार."

बाळू त्या वेळी शेंगा फोडून खात होता. आपण वाहणार हे ऐकून त्याने मामाकडे पाहिलं. मामांचे, म्हणजे आबासाहेबांचे, डोळे भरून आले होते.

ही गोष्ट सोलापुरातली, एकोणीसशे चौतीस सालच्या जूनमधली. आमच्या पेठेत आट्यापाट्यांचं मंडळ होतं. आबासाहेब त्याचे अध्यक्ष आणि आमचे हे चिटणीस. हे हायस्कुलात मास्तर, पण जीव सगळा मैदानावर. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना सांगते: जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखतात, प्रत्येक पाटीवर समोरच्या संघाचा एक गडी हात पसरून उभा असतो. त्या नऊ जणांना हुलकावणी देत पलीकडे जायचं आणि तसंच परत यायचं. अंगाला बोट लागलं की बाद.

त्या साली पुण्याच्या एका कॉलेजातून ह्यांना पत्र आलं. कॉलेजच्या संघाला एक चपळ गडी हवा होता, मॅट्रिक झालेला. राहणं, जेवण, शिक्षण सगळं कॉलेज करील. मंडळाने एकच नाव सोमवारच्या टपालाने कळवावं.

झालं. आमचा ओटा म्हणजे हायकोर्ट झाला. मंडळी संध्याकाळी चहाला जमायची आणि पोरांचा निवाडा करायची. मी आत देवापुढे वाती वळत बसे, पण कान काही देवाला वाहिलेले नव्हते.

मॅट्रिक झालेले गडी दोनच. एक बाळू. दुसरा सिद्राम, कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या चन्नम्माचा मुलगा. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी मोडते. हा पोरगा शंभर भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन भर बाजारातून, बैलांच्या शिंगांतून, टांग्यांच्या चाकांतून पळत जायचा आणि दुकानी पोचेपर्यंत एका भाकरीचा कोपरा दुखावलेला नसे. एवढं पुरे होतं ना? पण जाणकारांना पुरत नाही.

"सिद्रामची पोटरी उसासारखी आहे," कोर्टातले कारकून एकनाथराव म्हणायचे. पोटऱ्या हा त्यांचा खास विषय. "बाळूची नारळासारखी. आता सांगा, गडगडतं काय? ऊस की नारळ?"

"गडगडायचं कशाला, साहेब?" आप्पा विचारायचे. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगार लावणारे मुकादम, बोलणं रोखठोक. "पळायचं हाय न्हवं? मग पोरगं पळताना बघा की."

"घराणंही पाहावं लागतं, आप्पा. सिद्रामचा मामा लंगडत होता."

"त्याच्या पायावर बैलानं पाय दिला हुता."

"तेच म्हणतो मी. चपळ असता तर पाय काढून घेतला असता."

अशा ओट्यावर दमगिरीबुवा अवतरले. करमाळ्याकडचे, जेऊरला गाडीत बसून आले आणि आबासाहेबांच्या घरी उतरले. तिथे चार दिवस तुपातला शिरा खाल्ल्यावर त्यांना मंडळाची अडचण ध्यानात दिसली. "प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पाच वायू तुम्हाला ठाऊक आहेत," ते म्हणाले. "सहावा मला हिमालयात सापडला. त्याचं नाव धावान. तो कुणात आहे ते सुपारी सांगेल."

म्हणून शुक्रवारी सकाळी मैदानावर घंगाळ आलं. बुवांनी झोळीतून शेंदूर माखलेली एक सुपारी काढली, सिद्रामचं नाव घेतलं, पाण्यात सोडली. ती तळाला गेली. "पृथ्वीतत्त्व फार," बुवा हळहळले. दुसरी सुपारी काढून बाळूचं नाव घेतलं, आणि पुढचं मी सांगितलंच.

त्या संध्याकाळी बाळू सरावाला उतरला आणि दुसऱ्याच पाटीवर तोंडावर आपटला. एकनाथराव म्हणाले, "तो पडला नाही. वारा जमिनीलगत वाहतो, तसा वाहिला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकनाथराव सोडले, तर आदल्या दिवसापर्यंत याच मंडळींना बाळूच्या चालण्यातसुद्धा खोट दिसत होती.

तरंगलेली सुपारी बुवांनी ह्यांच्या हाती दिली. "चिटणिसांच्या देवघरात ठेवा. पण सात दिवस तिला पाणी लावायचं नाही. वायू विटतो."

शनिवारी सकाळी चन्नम्मा मागच्या दाराशी आली. भाकऱ्या देऊन नेहमी लगेच निघायची, त्या दिवशी उंबऱ्याशी बसून राहिली.

"काकू, तुमी रोजचा नेम करता. येक इचारू? माज्या पोराच्या अंगात माती जास्त हाय म्हनं. ती कमी व्हायला कुटलं वरत हाय का?"

"असं कुठलं व्रत नाही गं."

"आवं, पोरगं लहानपनापासनं मातीतच खेळलंय की. मातीच असनार. काल सांजच्यापासनं जेवलं न्हाय. सोमवारी आप्पांच्या मागं गिरणीत जातो म्हनतंय. म्हटलं, तुजा बा त्या गिरणीतच खोकून गेला रं. तर म्हनतंय, देवानंच न्हाय म्हटल्यावर कुनाला सांगू?"

ती रडली नाही. रिकामी पाटी काखेला लावून उठली. मला मात्र पुढचं काम सुचेना.

आता माझा नेम सांगायला हवा. त्या वर्षी मी रोज एक नवी सुपारी गणपती म्हणून पुजत होते. वर्षाअखेर सगळ्या दान करायच्या. पुजायची सुपारी किडकी असून चालत नाही. म्हणून आणलेल्या सुपाऱ्या मी आधी पाण्यात टाके. भरीव असेल ती बुडते, किडीने पोखरलेली वर राहते. वर राहिलेल्या मी एका पत्र्याच्या डब्यात बाजूला टाकत होते. हे मला ठाऊक होतं, आणि तरी शुक्रवारी मैदानावर मी इतरांबरोबर हात जोडले होते. बायामाणसांची अक्कल घरी चुलीपाशी राहते असं म्हणतात. माझी त्या दिवशी खरंच डब्यात राहिली होती.

शनिवारी पूजेला बसले तर समोर ती शेंदरी सुपारी. पाणी लावायचं नाही म्हणे. पण माझ्या देवघरात आजवर पारोसा देव राहिलेला नाही. बुवांचा शब्द मोडला तर बुवा रागावतील, नेम मोडला तर मीच माझ्यावर रागावेन. मी सुपारी ताम्हनात घेतली आणि कढत पाण्याने स्नान घातलं.

शेंदूर सुटला. त्याखालून मेणाचा थेंब वितळून वर आला. मेण गेलं तशी सुपारीच्या अंगावर मोहरीएवढं भोक दिसलं, त्यातून बुडबुडे निघाले, मग पिवळा भुगा, आणि मग एक तांबूस किडा. तो ताम्हनाच्या काठावर चढला आणि मिशा हलवत माझ्याकडे पाहत राहिला. सुपारी हळूहळू पाणी पिऊन बुडाली.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी चष्मा लावून किडा पाहिला, सुपारी पाहिली आणि पुन्हा किडा पाहिला.

"हा धावान का?" मी विचारलं.

"तू हळू बोल," हे म्हणाले. "आबासाहेबांना काय वाटेल?"

"मी हळूच बोलते नेहमी. चन्नम्माला काय वाटलं ते मला कळलंय."

रविवारी सकाळी बाळूच्या सत्काराला सगळी पेठ जमली. हार, पेढे, ताशा. सत्कारानंतर तिथेच पत्रात नाव लिहून पाकीट बंद करायचं ठरलं होतं. बुवांनी पुन्हा एकदा सुपारीची साक्ष घ्यायला घंगाळ मांडलं. मी दोन डबे पदराखाली घेऊन बायकांतून पुढे आले. चारचौघांत पुरुषांपुढे बोलायची मला सवय नव्हती.

"महाराज, एक शंका आहे."

"शंका हे पृथ्वीतत्त्वाचं लक्षण, माउली."

"असेल. आजच्या साक्षीला माझ्या पूजेच्या डब्यातली सुपारी घ्याल का?"

"माझे मंत्र माझ्याच सुपाऱ्यांना ओळखतात."

"मग नवी वळख करून द्या की," आप्पा मागून म्हणाले. लोक हसले. आबासाहेबांना त्यात काही गैर दिसेना. "घ्या महाराज," ते म्हणाले, "बाईंचा नेम फार कडक आहे. सुपारी पवित्रच असणार."

बुवांनी बाळूचं नाव घेतलं. सुपारी बुडाली. दुसरी घेतली. तीही बुडाली. तिसऱ्या वेळी मंत्र इतका लांबला की ताशेवाला खाली बसला. सुपारी बुडाली.

एकनाथरावांना कल्पना सुचली. "महाराज, प्रत्यक्ष मारुतीरायाचं नाव घ्या. तो तर वायुपुत्र."

बुवा नको म्हणाले असते तर लोकांनी कारण विचारलं असतं. त्यांनी नाव घेतलं. सुपारी सरळ तळाला गेली.

मग पुढे बसलेल्या सत्तरीच्या बजाबाईंचा आवाज आला: "अगं बाई, आता मारुतीला बी गिरणीत धाडता का काय?"

मी दुसरा, वर राहिलेल्या सुपाऱ्यांचा डबा उघडला. "आता यातली घेऊ. नाव बजाबाईंचं." मीच सुपारी सोडली. छान तरंगली.

"माजे गुडगे बसल्या जागी वाजत्यात," बजाबाई म्हणाल्या. "पुन्याला जाऊ व्हय?"

पुढची सुपारी मी माझ्या पाट्यावरवंट्याचं नाव घेऊन सोडली. तीही तरंगली. मग मी आप्पांना अडकित्ता दिला. त्यांनी आधी माझ्या पहिल्या डब्यातली सुपारी कातरली. आतून दगडासारखी भरीव. दुसऱ्या डब्यातली कातरली. पोकळ, भुगाच भुगा. मग त्यांनी न विचारताच बुवांची झोळी उचलली. आत दोन खण होते. उजव्या खणातल्या शेंदरी सुपाऱ्या भरीव निघाल्या. डाव्या खणातल्या सगळ्या किडक्या, भोकात मेण भरून वरून शेंदूर फासलेला.

"मेण नसतं तर पाणी शिरून थोड्या वेळाने त्या बुडाल्या असत्या," मी म्हणाले. "शेंदूर भोक झाकायला. आणि पाणी लावू नका म्हणाले ते मी धुऊन पाहू नये म्हणून. ज्याच्या घरचा शिरा, त्याच्या भाच्याला डावा खण. एवढाच चमत्कार आहे."

"वायू कधीकधी किड्याच्या रूपाने—" बुवांनी सुरुवात केली.

"मग त्यालाच पुन्याला धाडू," आप्पा म्हणाले. "त्यो मॅट्रिक हाय का तेवढं इचारा."

आबासाहेब लाल झाले होते. मला त्यांची दया आली. ते लबाड नव्हते, भाबडे होते. मी आवाज आणखी खाली आणला.

"आबासाहेब, नातेपुत्याला तुमची ज्वारी असते. पेरणीआधी बी पाण्यात घालता. वर तरंगतं त्याचं काय करता?"

"फेकून देतो," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच थांबले. तिथे निम्मे शेतकरीच होते. आपण दोन दिवस कशाला हात जोडत होतो ते प्रत्येकाला एकदम उमगलं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहू लागला.

मग बाळू बोलला. "मामा, मला जायचंच नाही पुण्याला. तिथे शेंगाचटणी मिळत नाही म्हणे."

एवढ्यात बुवांना जेऊरच्या गाडीची आठवण झाली. झोळी तिथेच टाकून ते निघाले आणि मैदानाच्या कडेने असे पळाले की एकनाथरावांना राहवलं नाही. "पोटरी चांगली आहे हो बुवांची," ते पुटपुटले.

आप्पांनी नऊ गडी पाट्यांवर उभे केले. चन्नम्माने सिद्रामला दंडाला धरून ओढत आणलं. दोन दिवसांचा उपाशी, मान खाली. ह्यांनी त्याच्या हातावर सत्काराचे दोन पेढे ठेवले. त्याने ते खाल्ले, आईकडे पाहिलं आणि पहिल्या पाटीसमोर उभा राहिला.

कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. डावा खांदा झुकला की गडी डावीकडे झेपावे आणि हा उजवीकडून गेलेला असे. पाचव्या पाटीवर गड्याची बोटं त्याच्या सदऱ्यापासून वीतभर राहिली, तेव्हा चन्नम्माने डोळे झाकून घेतले. उघडले तेव्हा तो परत येऊन तिच्यासमोर धापा टाकत होता.

"शिवलं का रं कुनी?" तिने विचारलं.

"न्हाय, अव्वा."

आबासाहेबांनी स्वतः दौत पुढे सरकवली. ह्यांनी नाव लिहिलं, पाकीट बंद झालं, आणि बाळूचा हार सिद्रामच्या गळ्यात पडला. घालणारा बाळूच होता, आणि सगळ्यांत मोकळा तोच हसत होता.

नंतर कितीजणींनी मला विचारलं, "काकू, एवढा नेमधर्म करता आणि बुवाला उघडं पाडलंत? पाप नाही का लागत?" मी म्हणते, देव मानते म्हणूनच तसं केलं. देवाला माझ्या कढत पाण्याची भीती नाही. जो धुऊ नका, कापू नका, विचारू नका असं बजावतो, त्याच्या झोळीत काहीतरी किडकं आहे असं खुशाल समजा आणि आधी तेच धुऊन, कापून, विचारून पाहा. हात जोडायला नंतर वेळ असतो. आणि पोराला पळता येतं की नाही हे पाहायचं असेल, तर त्याला पळवून पाहा.