न उघडलेलं मांजर

“नाही, नाही, तुम्ही हात लावू नका. मी काढतो,” म्हणत सीलबंदराव स्टुलावर चढले. गुडघ्यांनी तक्रार केली, पण कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे गेलेला हात सराईत होता. खाली पलंगाच्या कडेवर दुकानदार पांढरे सुती हातमोजे चढवून बसला होता. जुनी खेळणी विकत घ्यायची आणि हौशी लोकांना विकायची, हा त्याचा धंदा. दाराशी सीलबंदरावांची मुलगी उभी होती, खांद्यावरची पर्सही न उतरवता. चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती आली होती. हौसेनं नव्हे, बाबांनी पुन्हा पुन्हा फोन करून भंडावलं म्हणून.

“बस ना गं.”

“बरी आहे मी.”

“आज तू बघच,” सीलबंदराव वरूनच म्हणाले. “लोक सोनं घेतात, जमिनी घेतात. मला हसले सगळे. तुझी आईसुद्धा हसली.”

“आई हसली नव्हती, बाबा.”

ते त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. मुलीनं एक छोटं घर बघून ठेवलं होतं, आणि बयाणा मी देतो, कर्जाच्या भानगडीत पडू नकोस, असं त्यांनी तिला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना बयाण्यापेक्षाही एक गोष्ट जास्त हवी होती. मुलीनं आज एकदा, एकदाच म्हणावं, की बाबा, तुमचं बरोबर होतं.

सीलबंदराव हे नाव त्यांना कारखान्यात पडलं. औषधांच्या कारखान्यात जन्म गेला, तोही पॅकिंग खात्यात. बाटली असो की गोळ्यांचं पाकीट, त्यावर पातळ प्लॅस्टिक चढवून ते गरम हवेनं असं आवळून बसवायचं की आत मुंगीला श्वास घ्यायला जागा उरू नये. हवा शिरली की माल गेला, हे त्यांनी नव्या पोरांना इतक्यांदा सुनावलं होतं की झोपेतही बडबडत असावेत. घरातल्या खेळण्यांची सगळी खोकी त्यांनी त्याच मशीनवर, साहेबांच्या परवानगीनं, सुट्टीनंतर थांबून आवळून आणली होती.

सुरुवातीला मात्र हे असं नव्हतं. लग्न नवीन होतं तेव्हा नवराबायको पगार झाला की एखादं खेळणं घ्यायचे. सिनेमातला राक्षस, टीव्हीवरच्या अंतराळ-मालिकेतला कॅप्टन, चावीचा यंत्रमानव. दुकानाबाहेर पडता पडताच खोकं फाडायचं आणि घरी येईपर्यंत ते खेळणं चारदा हातातून पडायचं. खिडकीत सगळी रांगेनं उभी असत. बायको प्रत्येकाचा वेगळा आवाज काढायची. राक्षस कॅप्टनकडे भाजी कापून मागायचा, आणि हे पोट धरधरून हसायचे. मग एक दिवस कारखान्यातल्या कुणीतरी बातमी आणली, की कुठल्याशा माणसानं न उघडलेलं एक खेळणं विकून घरावर मजला चढवला. झालं! त्या मजल्यानं यांचं डोकं फिरवलं. उघडलेल्या खेळण्यांना काडीची किंमत नाही म्हणून खिडकीतली सगळी गोळा केली, भंगारवाल्याला देऊन टाकली, आणि तीच पुन्हा नवी आणून, न उघडता कपाटात ठेवायला लागले. त्यानंतर बायकोनं कधी कुणाचा आवाज काढला नाही. आता ती नव्हती.

दुकानदारानं पहिलं खोकं हातात घेतलं. “वा! काय पॅकिंग आहे हो, काका. एक सुरकुती नाही.”

सीलबंदरावांनी मुलीकडे पाहिलं. बघितलंस?

दुकानदारानं खोकं हलकेच कलतं केलं, कानाजवळ नेलं. मग खिशातून छोटी बॅटरी काढून खोक्याच्या पारदर्शक खिडकीवर धरली, आणि बराच वेळ तशीच धरून बसला.

“हे कधी उघडून बघितलंत?”

“उघडून?” सीलबंदराव मोठ्यानं हसले. “वेड लागलंय का मला?”

“आतलं हलत नाहीये.”

“पक्कंच बसवलंय ते.”

“तसं नाही, काका. इकडे या जरा.” त्यानं बॅटरीचा उजेड तिरका टाकला. खिडकीच्या आतून तेलकट थेंब धरले होते. “घाम फुटलाय त्याला. मऊ प्लॅस्टिकमध्ये तेल असतं. हवा लागत राहिली तर उडून जातं. कोंडून ठेवलं की बाहेर येतं आणि सगळं चिकट होऊन बसतं. नुसत्या खोक्यात असतं तरी निभावलं असतं कदाचित. पण हे वरचं प्लॅस्टिक...”

त्यानं बॅटरी विझवली. चांगला माणूस असावा.

“एखादं निघतं तसं,” सीलबंदराव म्हणाले. “दुसरं बघा.”

दुसरंही तसंच निघालं, आणि तिसरंही. शेवटी त्यांच्याच परवानगीनं दुकानदारानं एका खोक्यावर पातं चालवलं. आंबूस, गोडसर वास खोलीभर पसरला. आतला कॅप्टन गालानं खिडकीला चिकटला होता. ओढून काढला तेव्हा त्याचा चेहरा खिडकीवरच राहिला आणि हातात नुसतं गुळगुळीत डोकं आलं. मुलीनं आता कुठे पर्स खाली ठेवली.

“सुटी नाहीत का काही?” दुकानदारानं चाचरत विचारलं. “उघडलेली, खेळलेली? तीही घेतात लोक. टिकतात ती. हवेत असतात, हात लागत असतो.”

सीलबंदरावांची नजर घराच्या खिडकीकडे गेली.

“होती,” मुलगी म्हणाली. “भंगारात दिली.” गिऱ्हाईकाला चष्म्याचा नंबर सांगावा तशी.

दुकानदारानं कॅप्टनचं रिकामं खोकं उजेडात फिरवून पाहिलं. मग म्हणाला, “खोकी मात्र कोरी आहेत, काका. खोकी घेईन मी.”

“कसली खोकी?”

“रिकामी. लहानपणी जे खेळले ना, त्यांच्याकडे खेळणी आहेत. झिजलेली, रंग उडालेली, पण आहेत. माझ्याकडेच हा कॅप्टन आहे, एक पाय गेलाय त्याचा. पण खोकं कुणी जपलंय? ते तर आम्ही पहिल्याच दिवशी फाडलं.”

खोक्यांचे त्यानं जे पैसे सांगितले, त्यात घर नाही, घराच्या दाराची बेल आली असती. सीलबंदरावांनी मान डोलावली. नाही म्हणण्याइतका जोर कुठे होता? दुकानदार एकेक खोकं हळुवार उघडत गेला, आतला चिकट गोळा वर्तमानपत्रावर ठेवत गेला. शेवटचं खोकं मात्र सीलबंदरावांनी छातीशी धरलं.

“हे नाही द्यायचं. हे तिचं आहे.”

“माझं?” मुलीनं वळून पाहिलं.

“तुझ्या सातव्या वाढदिवसाचं. मांजर. तीन डोळ्यांचं.”

कॅप्टनच्या त्या अंतराळ-मालिकेतलं ते मांजर. पोट दाबलं की म्हणे ओरडायचं. पोरीनं महिनाभर हट्ट केला, यांनी आणलंही, आणि आवळून कपाटात ठेवलं. मोठी झालीस की बघ, दहापट होतील. रविवारी मात्र हात धुऊन, पलंगावर मांडी घालून, खोकं मांडीवर घ्यायची परवानगी होती. ती प्लॅस्टिकवरून मांजराला थोपटायची, त्याच्याशी कुजबुजायची. पुढे एका रविवारी तिनं खोकं मागितलंच नाही. पोरीला समज आली, असं सीलबंदराव कारखान्यात अभिमानानं सांगत फिरले होते.

“माझं कधी होतं ते?” मुलगी म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला.

दुकानदाराकडून पातं घेऊन तिनं प्लॅस्टिक चिरलं. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवणारी बोटं ती. खोक्याची एक कडसुद्धा दुमडली नाही. मांजर चिकटत चिकटत बाहेर आलं. एक डोळा आतच राहिला. तिनं ते तळहातावर धरलं. सीलबंदराव तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. रडेल, ओरडेल, भिंतीवर फेकून मारेल, काहीतरी करेल.

“मला वाटायचं हे मोठं असेल,” ती म्हणाली. मांजर तिनं बाकीच्यांत ठेवलं, खोकं दुकानदाराला दिलं. “हेही घ्या.” आणि हात धुवायला आत गेली.

आत बराच वेळ पाणी वाहत होतं. बाहेर आली तेव्हाही ती बोटं एकमेकांवर घासत होती.

“त्या घराच्या मालकीणबाईंशी मी बोलते आज. कर्ज मिळालं तर बघू. नाहीतर सोडून देऊ ते घर.”

“चुकलं गं माझं.” ‘तुमचं बरोबर होतं’ हे ऐकायला बोलावलेल्या मुलीनं आता निदान चार शब्द सुनावावेत, एवढीच त्यांची आशा उरली होती.

“जात नाहीये हे चिकट,” ती बोटांकडे बघत म्हणाली.

दुकानदारानं पैसे पलंगावर ठेवले आणि खोकी मोठ्या पिशवीत भरायला घेतली. सीलबंदराव उसळलेच.

“असं कोंबू नका! कोपरे मोडतील. सरका, मी बांधतो.”

त्यांनी खोकी लावली. मोठी खाली, लहान वर, मधल्या फटींत घडी घातलेला कागद, चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे. आत काहीच नसलेला माल ते आयुष्यात पहिल्यांदाच बांधत होते, पण हात तोच होता. दोरी आडवी गेली, उभी गेली, कुठेही सैल नाही, कुठेही काचत नाही.

“काय हात आहे, काका, तुमचा!” दुकानदार मनापासून म्हणाला.

सीलबंदरावांनी मान वर केली नाही. पहिली गाठ मारून झाली होती. दुसरी मारेपर्यंत ती सैल पडते. दोन्ही टोकं दोन हातांत धरून ते तसेच बसून राहिले. मग मुलगी पुढे आली, वाकली आणि तिनं गाठीवर बोट ठेवलं.

“अडकेल बोट तुझं.”

“तुम्ही ओढा, बाबा.”

त्यांनी ओढली.