ताज्या रक्ताचा कौल

घरात कुणाचं काही दुखलं-खुपलं की धाकट्या दिराचा सल्ला आधी आणि डॉक्टर मागून! तुमच्याही घरी असा एखादा शहाणा असेलच. हा तर प्रयोगशाळेत कामाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा हलतात याच्या चित्रफिती तो संगणकाला दाखवी. निरोगी आणि आजारी पेशी पाहून पाहून संगणक त्यांतला फरक आपला आपण ओळखू लागला होता. आजारी पेशी मंदावतात, ही त्याला सापडलेली मुख्य खूण.

वहिनीचा बारीक ताप हटेना, तेव्हा त्यानं तिला प्रयोगशाळेत नेऊन रक्त तपासलं.

"वहिनी, ठणठणीत आहात! मशीन चुकत नाही," त्यानं छाती फुगवून सांगितलं. तिनं डॉक्टरांकडे जायचं रद्द केलं. पुढे जिना चढताना ती कोसळली आणि रुग्णालयात, मशीन जो ओळखायचं नेमका तोच रक्ताचा आजार निघाला.

"आधीच आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

तो तडक प्रयोगशाळेत गेला. स्वतःचं रक्त तपासलं. निरोगी. मग शंका येऊन तीच रक्ताची नळी दिवसभर टेबलावर ठेवून पुन्हा तपासली, तर संगणक म्हणाला, आजारी!

त्याचं तोंड काळवंडलं. निरोगी रक्त म्हणून प्रयोगशाळेनं सहकाऱ्यांचंच घेतलं होतं, बाही वर करून, तिथल्या तिथे. आजाऱ्यांचं मात्र रुग्णालयातून फिरत फिरत यायचं. ताटकळलेल्या पेशी मंदावणारच! संगणक आजार नव्हे, शिळेपणा ओळखत होता. आणि हे इतक्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला तोंड दाखवायची माझी लायकी नाही," तिच्या खाटेशी बसून सगळं सांगितल्यावर तो पुटपुटला.

"मला राहू द्या, तिथं प्रयोगशाळेत दाखवा. ते मशीन अजून चालू आहे ना?"

त्यानं मान खाली घातली. उद्याच ते समारंभानं रुग्णालयाला द्यायचं होतं. "सगळ्यांची नाचक्की होईल, वहिनी. मी नंतर गुपचूप दुरुस्त करतो."

"आणि तोवर दुसऱ्या कुणाची वहिनी घरी बसून राहिली तर? मशीनला काय कळतंय, भाऊजी? तुम्ही दाखवलंत तेच ते शिकलं. मी मशीनवर कुठे, तुमच्यावर विश्वास ठेवला होता!"

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात तो उभा राहिला. "हे यंत्र देऊ नका. चूक आमची आहे, आणि ती माझ्या घराला भोवली आहे." टाळी कुणी वाजवली नाही. साहेबांनी तर त्याच्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी वहिनीनं विचारलं, "जेवलात का?" त्याला वर बघवेना.

वाचकहो, यंत्रं खुशाल वापरा, पण ती काय पाहून शिकली, हे विचारल्याशिवाय त्यांचा कौल मानू नका. चुकल्याची लाज यंत्राला वाटत नाही. ती आपल्यालाच वाटली पाहिजे, आणि वेळेवर वाटली पाहिजे!