उसळ खाल्लेल्यांनी ताट वर!

"आकडे माझ्याशी खोटं बोलूच शकत नाहीत," निकमसाहेब म्हणाले आणि नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर टिचकी मारली.

शहाऐंशीचा दसरा होऊन पंधरा दिवस झाले होते. सातपूरच्या आमच्या नट-बोल्टच्या कारखान्यात माणसं एकशेवीस. त्यातली चाळीस पोट धरून आठवडाभर घरी बसलेली. पडद्यावर आलेखाचा एकच हिरवा खांब, पार वरपर्यंत गेलेला. आजारी पडलेले सगळे कॅन्टीनमध्येच जेवलेले! म्हणून गोजराबाईचं कॅन्टीन सोमवारपासून कायमचं बंद, असा साहेबांचा निकाल.

गोजराबाई पदराला हात पुसत आली. "साहेब, माझी उसळ खाऊन जे ठणठणीत हायेत, ते कुठंयत यात?"

"आत्ता दाखवतो." साहेबांनी बटणं दाबली. खांब आडवा झाला. पुन्हा दाबली. खांब ठिपक्याठिपक्यांचा झाला. माणसं तीच चाळीस. बाकीची त्यांनी भरलीच नव्हती.

"ऱ्हाऊ द्या तुमचा खांब. मी मानसंच उभी करते."

जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्यांना मैदानात काढलं. आजारी पडलेले डावीकडं, धडधाकट उजवीकडं, हातात ज्याचं त्याचं ताट. मोठे साहेबही केबिनमधून उठून आले.

"उसळ खाल्लेल्यांनी ताट वर!"

दोन्हीकडची सगळी ताटं वर. ऊन असं चमकलं, की मोठ्या साहेबांनी डोळ्यांवर फाईल धरली.

"आता कामाला बसनं येनारे!"

इकडं निम्मी, तिकडं निम्मी.

"काय पोरखेळ लावलाय!" निकमसाहेब हसले.

"थांबा की साहेब. दोन नंबर शेडच्या कूलरचं पानी पिलेले!"

उजवीकडं एकही ताट हललं नाही. डावीकडं एकोणचाळीस वर गेली. खाली राहिलं ते एकट्या फकिराचं.

"का रं फकिरा, तू कुठलं पानी प्यालास?"

"मी आजारी नव्हतोच, मावशी," फकिरा ताटाआड तोंड लपवत म्हणाला. "मनमाडला मेव्हणीच्या साखरपुड्याला गेलो होतो."

मैदान हसून लोळलं. शिक्षा म्हणून कूलर उघडायचं काम फकिरावरच आलं. त्यानं पान्यानं झाकण काढलं, नाक दाबलं आणि टाकीतून एकेक वस्तू वर धरली. कुजलेला झेंडूचा हार. नारळाची दोन भकलं. हिरवी बुरशी चढलेला पेढा.

"हे आत कुणी टाकलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

कूलरचं उद्घाटन दसऱ्याला निकमसाहेबांच्याच हस्ते झालं होतं. "देवाचं म्हणून..." ते पुटपुटले. "बाहेर कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आत ठेवलं."

"कॅन्टीन चालू राहील," मोठे साहेब म्हणाले. "आणि निकम, यापुढं खांब काढण्याआधी बाईंना विचारत जा."

एकच जल्लोष झाला. ताटं वाजली, शिट्ट्या झाल्या. "गोजरामावशीचा विजय असो!" करत तिला खांद्यावर घ्यायला सगळ्यात आधी डावीकडची रांग धावली. आठ दिवस पेजेवर काढलेली माणसं ती. त्यांनी तिला उचललं, चार पावलं नेलं आणि पाडलं.

तिचा डावा पाय मोडला. प्लास्टर सहा आठवडे होतं.