अकराव्या खणातली नेटी

साहेब, माझे वीस खण तुम्ही रिकामे केलेत. आतले कागद नेलेत आणि परत दिले नाहीत. विचारले तर म्हणता, "चौकशी चालू आहे." आज मे महिना संपत आला. कसली चौकशी इतकी लांबते? कपाटाने केलेली तक्रार तुमच्या टेबलावर कोणी ठेवणार नाही, म्हणून मी माझी गोष्ट मुलांना सांगायला घेतली आहे. मुले एकदा विचारून गप्प बसत नाहीत.

मित्रांनो, मी ओक लाकडाचे एक जुने कपाट आहे. उत्तर कॅरोलिनातल्या मर्सर फोर्ड गावात, एल्डर रस्त्यावरच्या लहानशा वाचनालयात, खिडकीशेजारी माझी जागा आहे. मला वीस ओढायचे खण आहेत. एकोणीस खणांना पितळी मुठी आहेत आणि सातव्याला दाराची मूठ आहे.

आयशॅम ड्रेक नावाच्या सुताराने मला १९३१ साली घडवले. माझ्या सांध्यांत एकही खिळा नाही. आयशॅम माझ्या लाकडावरून हात फिरवत असे तेव्हा मलाच मी मखमलीचा वाटत असे. शहराच्या मोठ्या वाचनालयाने मला मागवले होते. पोचवायला आयशॅम स्वतः गाडीबरोबर आला. संगमरवरी पायऱ्या चढला आणि दाराशी त्याला थांबवले. आत फक्त गोऱ्यांना जाता येत असे. त्याने केलेले कपाट आत चालत होते, तो चालत नव्हता. मी कोणत्या भिंतीला लागलो, हेसुद्धा त्याला कधी कळले नाही.

पण आयशॅम काही भोळा नव्हता. सगळ्यांत खालच्या खणाच्या पाठीवर त्याने पटाशीने आपले नाव कोरून ठेवले होते. मागची बाजू कोणी बघत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

बावीस वर्षांनी माझी एक मूठ तुटली. लगेच माझ्यावर 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवून मला एल्डर रस्त्यावर धाडले. एल्डर रस्त्याचे वाचनालय काळ्या वस्तीसाठी काढलेले होते. तिथे पाने फाटलेली पुस्तके येत, एक पाय आखूड असलेल्या खुर्च्या येत, तसाच मीही आलो. तिथल्या शिपायाने तुटक्या दाराची मूठ काढून माझ्या सातव्या खणाला बसवली आणि म्हणाला, "आता तू आमचा."

खूप वर्षे मी नकाशे, अर्ज, शाळेची पत्रके सांभाळली. मुले माझे खण धाडकन बंद करत आणि ओरडा खात. मग संगणक आला. माझ्या डोक्यावर कुंडी आली, पोटात जुने दिवे आणि पावसाळी बूट आले. त्या काळाबद्दल मी फार बोलत नाही. रिकामे असण्यापेक्षा भलत्याच गोष्टींनी भरलेले असणे जास्त टोचते, इतकेच सांगतो.

माझे दिवस फिरले ते मिस अर्लीन पेटिफोर्ड यांच्यामुळे.

आमच्या लोकांत माणूस गेला की चर्चमध्ये त्याच्या निरोपाची सभा होते. दारात प्रत्येकाच्या हातात चार पानी पत्रिका देतात. पुढच्या पानावर फोटो. आतल्या दोन पानांवर जन्म, लग्न, काम, गाण्यांचा क्रम आणि मागे राहिलेल्यांची नावे. शेवटचे पान बहुतेक कोरे. गावचे वर्तमानपत्र तेव्हा आमच्या माणसांचे मरण छापत नसे. कपडे धुणारी बाई असो, तंबाखूच्या गोदामातला हमाल असो, त्याचे चरित्र म्हणून जगात एवढीच चार पाने छापली जात.

मिस अर्लीन ब्राइट होप चर्चच्या दारात उभ्या राहत. हातांत पांढरे हातमोजे. कोणाला कुठे बसवायचे, कोणाला पंखा द्यायचा, कोणाला बाहेर नेऊन पाणी पाजायचे, हे सगळे त्यांचे काम. साठ वर्षे त्यांनी ते केले. प्रत्येक सभेची एक पत्रिका त्या घरी नेत आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहीत. जे छापले नाही ते लिहीत. एका पत्रिकेच्या मागे आहे: "पाद्रीबाबा चौपन्न मिनिटे बोलले. त्यातली चार हेन्रीबद्दल." दुसरीच्या मागे: "लिंबाचा केक आतून कच्चा होता. सगळ्यांनी खाल्ला. दुःखात चालतो." कोण रडले, कोण उशिरा आले, कोणत्या भावाने भावाकडे बघितले नाही, सगळे आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या बुटांची खोकी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घराचं छप्पर गळतं. हे कपाट रिकामंच दिसतंय." कुंडी खाली उतरली. मी पुन्हा कामाला लागलो.

पुढे ऑक्टेव्हिया ऑल्स्टन आमची ग्रंथपाल झाली. तिने 'खोक्यांचा शनिवार' सुरू केला. दर फेब्रुवारीत, काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्यात, लोक आपापल्या घरच्या पत्रिका खोक्यांत भरून आणत. एकेकाने उभे राहून एक नाव वाचायचे आणि सगळ्यांनी ते मोठ्याने परत म्हणायचे. खिडक्या थरथरत. तळलेली कोंबडी, कॉलर्डची भाजी, केक, आणि हसणे तर विचारू नका.

एकदा एका माणसाने वाचले, "माझा काका कॅल्विन. इथं छापलंय, प्रेमळ पती."

"छापणारा परगावचा होता का रे?" मिस अर्लीन मागून म्हणाल्या.

काकाची बायको पहिल्याच रांगेत बसली होती. सगळ्यांत जास्त तीच हसली.

मग तुम्ही आलात, साहेब. वाचनालयांच्या मोठ्या कचेरीतून. दोन तुकडे केक खाल्लात, टाळी चुकीच्या ठोक्यावर वाजवलीत आणि म्हणालात, "हे सगळं शहरात मोठ्या वाचनालयात यायला हवं. जगाला दिसेल."

"जगाला इथंही येता येतं," ऑक्टेव्हिया म्हणाली. "चार नंबरची बस दारात थांबते."

तुम्ही हसलात. पुढच्या जानेवारीत तुमचा ट्रक आला.

मित्रांनो, कागद संगणकात घालण्याला माझा विरोध नव्हता. मिस अर्लीन तर नवी टोपी घालून ट्रकला निरोप द्यायला आल्या होत्या. अडतीस खोक्यांत माझे पोट गेले. सहा दिवसांत काम उरकले. मला लिंबाच्या वासाचे तेल चोळून शहराच्या मोठ्या वाचनालयात, त्याच जुन्या दालनात उभे केले, भोवती लाल दोर बांधला. या वेळी आमच्या माणसांना दाराशी कोणी थांबवले नाही, हे मी मान्य करतो. ढोल वाजले, गाणी झाली. पण मी आतून पोकळ होतो. ढोलाच्या प्रत्येक थापेला माझे खण खडखडत आणि लोकांना वाटे, कपाटालासुद्धा ताल आहे!

त्या फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी डेट्रॉइटहून विला स्पाइट आली. सदुसष्ट वर्षांची बाई, खांद्याला पिशवी. पिशवीत निळा पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यात तिच्या आईची, नेटीची, राख होती. नेटी डिसेंबरमध्ये गेली. जाताना तिने एकच मागितले होते: मला गावी, माझ्या बापाशेजारी पुरा. बाप म्हणजे लेम्युएल स्पाइट. तो ब्राइट होपच्या आवारात आहे. पण त्या आवारात फक्त कुटुंबाच्या माणसाला जागा मिळते, आणि लेम्युएलच्या पत्रिकेत सहा मुले छापली आहेत. नेटी सातवी. ती दुसऱ्या बाईची.

"चर्चचे लोक म्हणतात, कागद दाखवा," विला म्हणाली. "आई नेहमी सांगायची. ती बापाच्या सभेला गेली तेव्हा दारात पांढऱ्या मोज्यांची एक पोरगी होती. तिनं नाव विचारलं, कोणाची ते विचारलं, आणि कागदाच्या मागं लिहून घेतलं."

मिस अर्लीन चाकांच्या खुर्चीत होत्या. वय एक्याण्णव. त्यांनी मान वर केली. "पिवळा झगा?"

"हो. काळा शिवायला वेळ नव्हता."

"आणि हाताला धरलेली लहान मुलगी?"

"ती मी."

मग मिस अर्लीन म्हणाल्या, "लेम्युएलच्या बायकोनं मला सांगितलं होतं, तिला बसू द्यायचं नाही. मी ऐकलं. पूर्ण दोन तास तुझी आई दाराशी उभी होती. मी पंखा दिला. दुसरं काही देता आलं नाही."

"मग मागचं पान बघू या," ऑक्टेव्हिया म्हणाली आणि संगणकाच्या मोठ्या पडद्याशी गेली. लेम्युएलचा फोटो आला. आतली पाने आली. सहा नावे आली. तिने पुन्हा बटण दाबले. पुढच्या माणसाचा फोटो आला.

तिने मागे जाऊन परत दाबले. परत तेच. मग दुसरी पत्रिका उघडली, तिसरी उघडली. एकाही पत्रिकेचे मागचे पान नव्हते. साहेब, तुमच्या माणसांनी घाईत ती सगळी पाने कोरी समजून वगळली होती!

तुम्ही तिथेच फोटो काढून घेत होतात. ऑक्टेव्हियाने तुम्हाला गाठले. "मूळ कागद कुठं आहेत?"

"अहो, सगळं संगणकात आलंय ना. आता कागद कशाला?"

"कुठं आहेत?"

"गोदामात असतील. की रद्दीच्या यादीत... बघतो मी. हा महिना संपू दे."

महिना संपला. दोन मार्चला मी एल्डर रस्त्यावर परत आलो, तेल लावलेला, चकचकीत आणि रिकामा. गोदाम म्हणते, कचेरीला विचारा. कचेरी म्हणते, गोदामाला विचारा.

विला नऊ दिवस मिस अर्लीनच्या घरी राहिली. शेवटच्या दिवशी दोघी माझ्याशेजारी बसल्या होत्या. विलाने एक कोरा कागद पुढे केला. "तुम्हीच आता लिहून द्या, मिस अर्लीन. तेव्हा लिहिलं होतं तसंच. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

"पण खरं आहे ते!"

"बाळ, झगा आठवतो. तू आठवतेस. पण तिनं कोणाचं नाव सांगितलं, ते मी कागदावर ठेवलं म्हणून डोक्यात ठेवलं नाही. आता तू सांगितलंस म्हणून मला आठवल्यासारखं वाटतंय. त्यावर सही करू? एकदा लेम्युएलच्या बायकोचं ऐकून तुझ्या आईला दारात उभं केलं. आता तिच्या कबरीवर ऐकीव गोष्ट ठेवू? खरं लिहिलेलं आहे. ते आणा म्हणावं त्यांना."

विला उठून खिडकीपाशी गेली. तिला राग आला होता आणि तो बरोबर होता. मिस अर्लीनचेही बरोबर होते. दोन बरोबर बायका एकमेकींकडे पाठ करून राहिल्या, साहेब, तुमच्यामुळे!

आणि मी? मला तर ते पान पाठ आहे. सव्वीस वर्षे अकराव्या खणात मी ते वागवले. "सातवी, नेटी. लेम्युएलची. मीच विचारले, तिने सांगितले. कपाळ त्याचेच. पिवळा झगा, हाताला मुलगी. बसू दिले नाही. मी बसवायला हवे होते." शब्दन् शब्द. पण कपाटाची साक्ष कोण घेतो? माझे लाकूड आतल्या आत फुगते आहे, अकरावा खण हल्ली ओढताना कुरकुरतो. मला एक क्षण स्वस्थता नाही.

बसची वेळ झाली तेव्हा विलाने पिशवीतून निळा डबा काढला. "हिला पुन्हा उत्तरेला नेणार नाही," ती म्हणाली. "एकदा इथून जावं लागलं, तेवढं पुरे. बापाचा कागद कुठं होता?"

ऑक्टेव्हियाने अकरावा खण ओढला. विलाने डबा आत ठेवला. मिस अर्लीननी आपले पांढरे मोजे काढून डब्याखाली पसरले आणि खणाला म्हणाल्या, "आता बस, पोरी."

तेव्हापासून नेटी माझ्याकडे आहे. दर सोमवारी ऑक्टेव्हिया कचेरीला फोन लावते. दर शनिवारी लोक येतात, फेब्रुवारी नसला तरी येतात, आणि अकराव्या खणापाशी उभे राहून तिचे नाव मोठ्याने म्हणतात. मिस अर्लीन येतात, पण हल्ली त्यांना गाडीतून उतरवायला दोन माणसे लागतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणताही जुना कागद सापडला तर तो उलटून बघा. आणि कोणी तो न्यायला आले, तर त्याच्यासमोर उलटून दाखवा.

साहेब, तुमच्याशी मात्र माझे बोलणे संपलेले नाही. एक बाई चौसष्ट वर्षांपूर्वी बापाच्या सभेत उभी राहिली होती. आज ती बापापासून अर्ध्या मैलावर माझ्या खणात वाट बघते आहे. अडतीस खोकी कुठे आहेत? गोदामात आहेत, की रद्दीत दिलीत? बघतो म्हणू नका. कुठे आहेत ते सांगा.