मन्नूबियाचा चाळिसावा

आमच्या देशात कलावंताला मोठं व्हायचं असेल तर आधी मरावं लागतं, आणि मग चाळिसाव्या दिवसाची वाट पाहावी लागते. त्या दिवशी सरकार येतं. खुर्चीवर फोटो, फोटोवर झेंडा, पुढे माईक आणि शेवटी घरच्यांच्या हातात सोनेरी ढाल. ढाल घेताना घरचे रडले की कॅमेरेवाले खूश. मग सगळे फळांच्या रसाची खोकी उघडतात.

मन्नूबिया गेली तेव्हा राजधानी ट्युनिसच्या रेडिओने तिला 'आपल्या रंगभूमीची आई' म्हटलं. या आईला तीन वर्षं घराबाहेर ठेवलं होतं, हे सांगायला त्यांना वेळ पुरला नाही. तिचं घर म्हणजे आमच्या डोंगरावरच्या गावातलं, फ्रेंचांच्या काळातलं दारूचं गोदाम. त्यात तिने नाटकमंडळी उभी केली, अर्ध्या गावाला भूमिका दिल्या, उरलेल्या अर्ध्याला शिव्या. मग तिच्या एका नाटकातल्या मंत्र्याला लोक जरा जास्तच हसले, आणि त्याच महिन्यात गोदामाचं छप्पर धोकादायक ठरलं. दुरुस्तीसाठी दाराला कुलूप लागलं. दुरुस्ती करायला कोणी आत गेलं नाही, कारण दाराला कुलूप होतं.

ती गेल्यावर आमचे सांस्कृतिक संचालक सी लस्साद, म्हणजे लस्सादसाहेब, तिच्या मुलीकडे, दोर्साफकडे आले. मीही तिथे होतो. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, म्हणजे गावातल्या मृतांवरची भाषणं लिहायचं काम माझ्याकडे असतं.

"बेटी, तुझी आई ती आमचीही आईच," सी लस्साद म्हणाले.

"मग आईच्या घराची किल्ली द्या की. चाळिसावा तिथेच करू."

"आणि छप्पर?"

"पडलं तुमच्या डोक्यावर तर तुमचाही चाळिसावा झोकात करू."

सी लस्सादनी चहातली साखर बराच वेळ ढवळली. "किल्ली ट्युनिसला आहे. आणि खरं सांगू का? ती जागा एका फर्निचरवाल्याला द्यायचं चाललंय. कार्यक्रम झाला की. पण दुकानाच्या भिंतीवर आईच्या नावाची पाटी लागेल हं! संगमरवरी!"

दोर्साफ शाळेत जीवशास्त्र शिकवते. बेडूक चिरताना करते तसा चेहरा तिने केला. "कुलूप निघाल्याशिवाय मी ढाल घ्यायला येणार नाही. घरचं कोणी नसेल तर कोणाला देणार? खुर्चीला?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि उस्ताद, तुम्ही यांचं भाषण लिहिलंत तर माझ्या दारचं कुसकुस विसरा."

मी भाषण लिहिलं नाही. तत्त्व आणि कुसकुस एकाच बाजूला येण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत.

सी लस्साद हरणारे नव्हते. त्यांनी घरचं माणूस पैदा केलं. सूसहून फौज़ी नावाचे एक गृहस्थ आले. मन्नूबियाच्या आत्तेभावाचे जावई, धंदा फ्रिज विकण्याचा. त्यांनी तिचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं, पण सूट इस्त्रीचा होता आणि रडायची तयारी होती.

चाळिसाव्या दिवशी सांस्कृतिक भवनात माईक लागला, आणि गोदामाच्या बंद दारासमोर दोर्साफने चुली पेटवल्या. वाफवलेल्या रव्याचं कुसकुस, त्यावर मटण, हरभरे, लाल भोपळा, आणि हरिसाचा, लाल मिरचीच्या चटणीचा, तिखट वास. चाळिसाव्याच्या कुसकुसला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. म्हटलं तर मेलेल्याचा हात झिडकारल्यासारखं होतं. राज्यपालांच्या भाषणाच्या पहिल्या पानावर मागची रांग उठली, दुसऱ्या पानावर मधली. तिसऱ्या पानावर राज्यपालांना तातडीचं काम आठवलं.

कॅमेऱ्यात नुसत्या खुर्च्या आल्या होत्या. म्हणून सी लस्साद ढाल, फौज़ी आणि कॅमेरेवाला घेऊन गोदामापाशी आले.

"ताई, हे तुमचंच," फौज़ी म्हणाले. बिचारे खरोखरच ओशाळले होते. "मला यातलं काही माहीत नव्हतं."

दोर्साफने ढाल घेतली. कॅमेरेवाला पुढे सरसावला. सी लस्सादनी टाय नीट केला. तिने ढाल दोन्ही हातांत धरली, वळली आणि कुलपावर हाणली.

ढालीचे तीन तुकडे झाले. आत प्लास्टिक होतं. कुलूप मात्र अस्सल निघालं. सरकारने खर्च कशावर केला ते गावाने पाहिलं.

"हा राष्ट्राचा अपमान आहे!" सी लस्साद ओरडले.

"मग राष्ट्र उचला तेवढं," दोर्साफ म्हणाली. "कोणाच्या तरी पायात जाईल."

तेवढ्यात म्हातारा हम्मादी ताटावरून उठला. मन्नूबियाच्या नाटकांत तो जन्मभर राजे झाला होता. "अगं, कुलपाला काय मारतेस? दार पेललंय बिजागऱ्यांनी. नेपथ्यातली दारं आपण कशी उतरवतो?" त्याने चमच्याचा दांडा बिजागरीच्या खिळीखाली घातला आणि दगडाने ठोकला. खिळी वर आली. मंडळीतले आणखी दोघे म्हातारे धावले. बघता बघता दार उतरलं, कुलूप त्याच्या कडेला तसंच लोंबत राहिलं. बायकांनी आनंदाची किलकारी सुरू केली. सी लस्साद कॅमेऱ्यासमोर हात धरू लागले.

दोर्साफ आत गेली नाही.

"काका, किती वेळ लागला हो?"

"वेळ कसला! चहासुद्धा निवला नाही अजून," हम्मादी छाती फुगवून म्हणाला.

"आई दर शुक्रवारी इथे यायची. या कुलपाला हात लावून परत जायची. तीन वर्षं. तुम्ही समोरच्या कॅफेत पत्ते पिसत होतात. तुम्ही सगळे!" तिचा आवाज फाटला. "बिजागऱ्या काय आज बसवल्यात?"

किलकारी मध्येच थांबली. हम्मादी हातातल्या खिळीकडे बघत राहिला. कॅमेरेवाल्याने कॅमेरा खाली घेतला. सी लस्सादच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा थोडं समाधान दिसलं, कारण त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

"दार परत लावायचं नाही," दोर्साफ म्हणाली. "फर्निचरवाला आला तर त्याला हेच द्या. लाकूड चांगलं आहे."

मग तिने कुसकुसची परात उचलली, आत नेऊन रंगमंचाच्या मधोमध आदळली आणि तिथूनच ओरडली, "या आता! का तुम्हालाही मेल्यावरच बोलवू?"

आम्ही माना खाली घालून आत गेलो. बराच वेळ वर बघायचं कोणाला सुचलं नाही. मग बघितलं.

छप्पर शाबूत होतं.